सोळा फेरे

"ओरिजिनल आहे का?"

जुनी जीप घेऊ पाहणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न हाच. कधी तो मोबाइलमधला फोटो पुढे करतो, कधी गाडीच दुकानाच्या दारात आणून उभी करतो. ताजा हिरवा रंग, बोनेटवर पांढरी चांदणी, पुढच्या जाळीला नऊ फटी, मागे लटकवलेला जेरीकॅन. विकणाऱ्याने 'दुसऱ्या महायुद्धातली आहे' असं छातीठोकपणे सांगितलेलं असतं. मी म्हणते, "रंग महायुद्धातला नाही, एवढं इथूनच सांगते. बाकीचं खाली झोपल्याशिवाय कळायचं नाही."

लोकांना वाटतं, बाई टाळतायत. तसं नाही. मला तो प्रश्नच फारसा कामाचा वाटत नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं जीपच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. अण्णांनी ते सुरू केलं तेव्हा आसपास लेथ, फाउंड्र्या आणि गॅरेजं यांचाच आवाज असायचा, आणि बऱ्याच अंशी अजूनही तो आहे. मी गल्ल्यावर बसायला म्हणून आले आणि काउंटरमागेच राहिले. आमच्याकडे गिऱ्हाईक पार्टचा नंबर घेऊन येत नाही. तुटलेला पार्ट सिमेंटच्या पिशवीत घालून आणतं, काउंटरवर आदळतं आणि म्हणतं, "ह्याच्यासारखा द्या." काम सोपं वाटतं. पण जो पार्ट तुटून आलाय तो मुळात त्या जागेचाच होता का, हे कोणी बघितलेलं नसतं. 'ह्याच्यासारखा' दिला की चूकही तशीच्या तशी परत बसते, आणि चार महिन्यांनी तीच पिशवी परत येते.

म्हणून अण्णा विचारायचे, "ह्याचा जोडीदार कुठाय?" गिअर आणला तर तो ज्याच्यावर फिरतो तो दुसरा गिअर. उजवीकडचा आणला तर डावीकडचा. आता मीही तेच विचारते. नवा मेकॅनिक वैतागतो, जुना निमूटपणे जाऊन दुसरी पिशवी घेऊन येतो.

जुन्या जीपमध्ये सगळं एकाच गाडीचं सापडावं ही अपेक्षा मुळातच भाबडी आहे. १९४१ ते १९४५ या काळात लष्करासाठी ही गाडी मुख्यतः दोन कंपन्यांनी बनवली. विलीसची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू, दोन्ही मिळून सहा लाखांच्या वर. एकीचा पार्ट दुसरीला बसलाच पाहिजे, ही सैन्याची गरज होती. लढाईच्या धामधुमीत वर्कशॉपमध्ये चार मोडक्या गाड्यांतून दोन धडक्या करून बाहेर काढल्या जायच्या, तेव्हा कुठला एक्सल कोणाचा हे कोण विचारणार? म्हणजे भेसळ झाली ती लष्करातच, आपल्याकडे येण्याआधी. युद्ध संपल्यावर यातल्या पुष्कळ गाड्या लिलावात निघाल्या. मग मुंबईत महिंद्रांनी विलीसच्या परवान्याने जीप जुळवायला आणि पुढे बनवायला घेतली. सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९६८ साली बंद झालं, पण आपल्याकडे त्यानंतरही किती वर्षं निघत राहिलं. त्यात पेट्रोल महागलं म्हणून डिझेल इंजिनं आली. ट्रॅक्टरचं आलं, मग प्युजोचं २११२ सीसीचं आलं. ज्यांना नवी डिझेल जीप परवडत नव्हती त्यांनी जुन्या पेट्रोल जीपमध्ये मॅटेडोरचं इंजिन बसवून घेतलं. दूध, ऊस, वडाप, निवडणुकीचा प्रचार, लग्नाची वरात, सगळं या गाड्यांनी केलं. प्रत्येक मालकाने त्या-त्या वेळी जे मिळालं आणि परवडलं ते लावलं. त्यात त्याचं काय चुकलं?

ओळखायच्या खुणा असतात, आणि त्या बघायला मला अजूनही मजा येते. पुढच्या जाळीला लढाईच्या गाडीत नऊ फटी, नागरी मॉडेलमध्ये सात. पण जाळी हा पत्रा आहे. नऊ फटींची जाळी आज कोणीही पत्रा कापून करून देतो, त्यामुळे जाळीवर मी विश्वास ठेवत नाही. त्यापेक्षा रेडिएटरच्या खाली, चेसिसच्या दोन बाजूंना जोडणारा पुढचा आडवा दांडा बघायचा. तो गोल पाइपाचा असेल तर चेसिस विलीसची. उलट्या पन्हाळीसारखा, पत्रा दुमडलेला असेल तर फोर्डची. हे बदलायचं म्हणजे चेसिसच कापावी लागते, तेवढा उपद्व्याप कोणी करत नाही. फोर्डची आणखी एक गंमत म्हणजे तिने आपल्या पार्टवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, वळणदार 'एफ' उठवला होता. आठ थर रंग खरवडल्यावर एखाद्या कंसावर तो 'एफ' दिसला की गिऱ्हाईक हरखून जातं. मी त्याला सांगते, फक्त हा कंस फोर्डचा आहे, गाडी फोर्डची आहे असं म्हणू नका.

मागच्या चाकाचा मध्य बघितला तरी पुष्कळ कळतं. लढाईच्या गाडीत मागच्या हबवर सहा बोल्टांची चकती असते. एक्सलचा दांडा नुसती फिरवाफिरवी करतो, गाडीचं वजन हौसिंगवर असतं. नंतरच्या नागरी गाड्यांत त्या जागी टोपीखाली एकच मोठा नट, पिन घातलेला. टायर न काढता, उकिडवं बसून दिसणारी गोष्ट आहे. त्या उलट पुढचा एक्सल. लढाईचा असो की नागरी, बाहेरून बघून दोन्ही सख्खे भाऊ. खरी गफलत तिथेच होते.

भुदरगडकडच्या एका शेतकरी मामांची जीप अशीच आली होती. नवी घेतलेली म्हणजे त्यांच्यासाठी नवी, हाय बोनेटची. विलीसच्या त्या इंजिनात आत येणारे व्हॉल्व वर हेडमध्ये आणि बाहेर जाणारे खाली ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे इंजिन उंच आणि त्याला झाकणारं बोनेटही उंच. गाडी दिसायला चांगली होती. मामांची तक्रार एकच.

"ताई, फोर बाय फोर टाकलं की गाडी मोडल्यागत करतीया. स्टिअरिंग लोखंडावाणी होतंय. आन् एकदा टाकलेला दांडा परत निघंना झालाय. मागं घ्यावी लागतीया गाडी, तवा कुठं सुटतोय."

"चिखलात पण असंच करते का?"

"न्हाई. चिखलात वाघ हाय."

त्यांच्या मेकॅनिकने ट्रान्सफर केस खोलून दोन गिअर बदलले होते. तेवढ्याने भागलं नाही म्हणून आणखी एक बदलायला ते माझ्याकडे आले होते. गिअर मी दिला असता तर विकला गेला असता. पण 'चिखलात वाघ आणि डांबरावर मोडल्यागत' हे ऐकल्यावर गिअर काढायला हात उठेना. चिखलात चाकं घसरून घेतात. डांबरावर घसरायला जागा नसते, त्यामुळे पुढचं आणि मागचं एकमेकांशी भांडतं आणि ते भांडण सगळं शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतं. गाडी मागे घेतली की पीळ उलगडतो आणि दांडा सुटतो. मामांनी सगळं निदान आपल्या तोंडानेच सांगितलं होतं.

भांडण कशावरून, ते मोजून बघायचं होतं. डिफरन्शियलमध्ये एक मोठा दातेरी चक्राकार गिअर असतो तो क्राउन, आणि त्याला फिरवणारा छोटा तो पिनियन. लढाईच्या जीपमध्ये पिनियनला ८ दात आणि क्राउनला ३९. नागरी सीजे गाड्यांत पिनियनला तेच ८, पण क्राउनला ४३. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला एकीकडे शाफ्ट पावणेपाचच्या किंचित वर फिरतो आणि दुसरीकडे पाच आणि तीन अष्टमांश. पुढचा आणि मागचा आकडा एकच असायला हवा, कारण दोन्ही शाफ्ट एकाच ट्रान्सफरमधून निघतात. पूर्वी डिफरन्शियलच्या झाकणाच्या बोल्टखाली हे आकडे लिहिलेली पत्र्याची चकती असायची. आता ती बहुतेक गाड्यांत नसते, आणि असली तरी ती त्याच डिफरन्शियलची असेल याची काय खात्री?

तेल काढून, झाकण खोलून दात मोजता येतात. पण अण्णांनी एक बिनखोलायची रीत शिकवली होती आणि ती मला अजून कुठल्याही पुस्तकापेक्षा सरस वाटते. एकाच बाजूचं चाक जॅकवर उचलायचं. दुसरं जमिनीवर, दगड लावून. ट्रान्सफर न्यूट्रलला. एक चाक अडवलेलं असलं की डिफरन्शियल आतल्या आत हिशेब वाटून घेतो. उचललेलं चाक दोनदा फिरवलं तर क्राउन एकदाच फिरतो. मग चाक सोळा वेळा फिरवायचं. क्राउन फिरला आठदा. पिनियनला दात आठ. म्हणजे क्राउनला जितके दात तितकेच फेरे शाफ्टने घेतलेले असणार, बरोबर, अपूर्णांक न उरता. ४३ मोजले तर ४३ दात, ३९ मोजले तर ३९. भागाकार नाही, गुणाकार नाही, नुसतं मोजता यायला हवं.

आम्ही मामांची गाडी दुकानासमोरच लावली. मागचं डावं चाक उचललं. शाफ्टवर आणि त्याच्यामागच्या हौसिंगवर खडूने समोरासमोर रेघ मारली, टायरवर आणि मडगार्डवर दुसरी. शेजारच्या लेथवरचा पोरगा गाडीखाली झोपला आणि शाफ्टचे फेरे मोठ्याने मोजू लागला. मामा चाक फिरवत होते, मी चाकाचे मोजत होते. दोघांनी एकदम मोजलं की चुकायला होतं, म्हणून मी मनात मोजायचं आणि त्याने ओरडून, असं ठरलं. चाक सोळाव्यांदा खुणेवर आलं तेव्हा खालून आवाज आला, "त्रेचाळीस! रेघ समोर."

मग पुढचं. स्टिअरिंग सरळ, दांडा टू-व्हीलवर, म्हणजे पुढचा शाफ्ट मोकळा. पुन्हा सोळा. खालून, "एकोणचाळीस." पोराला वाटलं आपलंच चुकलं, म्हणून त्याने स्वतःहून पुन्हा एकदा मोजलं. पुन्हा एकोणचाळीस. रेघ तंतोतंत समोर.

पुढचा एक्सल लढाईच्या गाडीचा आणि मागचा सीजेचा. शाफ्टचा वेग एकच, पण पुढची चाकं मागच्यांपेक्षा दहा टक्के जास्त पळायला बघतात. शंभर मीटरमागे दहा मीटर. मामांच्या आधीचा मालक फोर बाय फोर कधी वापरतच नसणार. टू-व्हीलवर पुढचा शाफ्ट नुसता रिकामा फिरतो, त्याला किती दात आहेत याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं. अशा गाड्या वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतात. एखादा दिवस मळ्यात पाऊस होतो, नवा मालक दांडा ओढतो आणि मग ट्रान्सफरच्या नावाने शंख सुरू होतो.

मामा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी माझी गाडी डुप्लिकेट हाय म्हणा की."

याच शब्दावर माझं मेकॅनिकांशी आणि गिऱ्हाइकांशी नेहमी वाजतं. पुढचा एक्सल १९४३-४४ चा असेल. खरा, भक्कम, अजून वाकलेला नाही. मागचा त्याच्यानंतरचा, तोही खरा. डुप्लिकेट काहीच नाही. फक्त दोघं एकमेकांचे नाहीत. मामांच्या गाडीचं स्टिअरिंग बॉक्स भलतंच होतं, मडगार्ड कुठल्या तरी तिसऱ्याच गाडीचे होते, सीट तर बहुतेक टेम्पोतली होती. त्यांतलं काहीही बदलायला मी सांगितलं नाही. ज्याला जोडीदार नाही, ते कुठलंही असलं तरी चालतं. ज्याला आहे, त्याची जोड आधी बघायची.

क्राउन आणि पिनियनची जोड तर फारच कडक. कारखान्यात ते दोन्ही एकमेकांवर घासून, जुळवून, जोडीनेच बाहेर पडतात, आणि दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. पिनियनच्या तोंडावर आणि क्राउनच्या कडेवर तो जुळला पाहिजे. त्यांच्या बेअरिंगवरच्या टोप्यांवरही हौसिंगवर असतं तेच अक्षर ठोकलेलं असतं, आणि ते ज्या दिशेला ठोकलंय त्या दिशेलाच टोपी बसवायची. डावी टोपी उजवीकडे बसते. बोल्टही घट्ट होतात. दिसायला काही वावगं नाही. आणि मग बेअरिंग का तापतं ते कोणाला कळत नाही.

आमच्या काउंटरवर सगळ्यात जास्त वाद तेलपंपावरून होतात. विलीसच्या जुन्या चार सिलिंडरच्या इंजिनात आधी कॅम फिरवायला टायमिंगची साखळी होती, नंतर गिअर आले. साखळीने कॅम क्रँकच्या दिशेनेच फिरतो, गिअरने उलटा. आता तेलपंप कॅमवरून फिरतो. त्यामुळे साखळीच्या इंजिनाच्या पंपाचे तिरके दात एका बाजूला झुकलेले आणि गिअरच्या इंजिनाच्या पंपाचे दुसऱ्या बाजूला. बाकी पंप तोच. तेच बोल्ट, तेच भोक, तेच कास्टिंग. दोन्ही पंप शेजारी शेजारी ठेवून, तिरके दात आपल्याकडे करून नीट बघितल्याशिवाय फरक नजरेत येतच नाही. पंप मागायला आलेल्याला मी विचारते, "साखळी की गिअर?" बरेच जण म्हणतात, "इंजिन विलीसचंच आहे ओ ताई." विलीसचंच आहे, ते मान्यच आहे. पण विलीसचं इंजिन आणि विलीसचाच पंप, दोन्ही अस्सल, आणि तरी एकमेकांवर बसणार नाहीत. ओरिजिनल म्हणून पाठ थोपटून घेणाऱ्यांना मी हे उदाहरण मुद्दाम देते.

स्टार्टरचंही असंच. लढाईच्या गाडीत सहा व्होल्ट, फ्लायव्हीलच्या रिंगला ९७ दात. पुढे बारा व्होल्ट आले त्या गाड्यांत १२९, दात बारीक. रिंग एकीची आणि स्टार्टर दुसरीचा लावला की सकाळी सकाळी जो कर्कश आवाज येतो, तो ऐकून गल्लीतली कुत्रीसुद्धा उठतात.

बोल्ट हा माझ्या आवडीचा विषय. जीप इंचातली, प्युजोचं डिझेल इंजिन मिलिमीटरमधलं. एका गाडीत दोन्ही आले की हाताशी दोन्हींचे पाने लागतात आणि मेकॅनिककडे बहुधा एकच संच असतो. साडेचार सुताच्या बोल्टाला चौदाचा पाना जात नाही, पंधराचा लावला तर डोकं गोल होतं. सहा सुताला मात्र एकोणीसचा असा झकास बसतो की लोकांना वाटतं, सगळं एकच आहे. खरा घोळ आट्यांचा. आठ मिलिमीटरचा बोल्ट अडीच सुताच्या भोकात दोन-तीन आटे सरळ आत जातो आणि मग अडतो. तिथे थांबायला हवं. पण कोणीतरी 'गंजलंय' असं ठरवून पान्याला पाइप लावतो आणि ओढतो. मग बेलहौसिंगचं भोक लेथवर येतं. मी बोल्टाचं डोकं आधी पुसून घेते. तीन रेघा किंवा सहा रेघा असतील तर इंची, ८.८ किंवा १०.९ असा आकडा असेल तर मिलिमीटर. कोरं डोकं असेल तर गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातला, तो स्प्रिंगच्या पाट्यांवर नको, ब्रेकवर तर अजिबात नको.

लढाईच्या जीपच्या पाट्यांना जे यू आकाराचे शॅकल असतात ते बघण्यासारखे आहेत. त्यांच्या दोन्ही टोकांना आटे असतात आणि आट्यांच्याच बुशीत ते फिरतात. पुढे डावीकडे आणि मागे उजवीकडे उलटे आटे, बाकी दोन ठिकाणी सरळ. चुकू नये म्हणून उलट्या आट्यांच्या शॅकलच्या दांड्यावर घडवतानाच एक छोटं टेंगूळ ठेवलेलं असतं. करंगळीच्या नखाएवढं. तेलमातीच्या थराखाली ते बोटाला लागतं, डोळ्याला दिसत नाही. माझ्याकडे एकदा असा एक शॅकल आला, की त्यावर टेंगूळ होतं आणि आटे सरळ. कोणीतरी मोडकी टोकं कापून, नवे दांडे वेल्ड करून, लेथवर हाताला येतील ते आटे पाडले होते. काम अतिशय सुबक होतं, वेल्ड घासून इतकं गुळगुळीत केलेलं की बोट फिरवूनही कळेना. मला त्या कारागिराचं कौतुक वाटलं आणि रागही आला. एवढे कष्ट घेतले, तर समोरच्या बुशीकडे एकदा बघायचं होतं.

चाकांच्या नटांची कथा पंक्चरवाल्यांना विचारा. जुन्या जीपला डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असायचे, स्टडच्या टोकावर 'एल' कोरलेला. पुढच्या काळात चारही चाकांना सरळ आले. त्यात जीप आणि जिप्सी दोन्हींच्या चाकाला पाच भोकं आणि भोकांच्या वर्तुळाचा व्यास एकच, साडेपाच इंच, म्हणून चाकं इकडची तिकडे सर्रास जातात. डाव्या बाजूचं ड्रम बदललेली गाडी असेल तर पुढच्या डाव्या चाकाचे नट उलटे आणि मागच्या डाव्याचे सरळ, असंही सापडतं. रात्री घाटात, पावसात, टॉर्च तोंडात धरून चाक बदलणाऱ्या माणसाने काय करायचं? मी अशा गिऱ्हाइकाला सांगते, 'एल' शोधा आणि ज्या चाकावर असेल त्या चाकाच्या रिमवर पांढऱ्या रंगाने बाण काढा. स्टड बदलायचे तर सगळे बदला. अर्धे बदलणार असाल तर बाण बरा.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी बाणावर भागवत नाही. विलीसच्या पुढच्या चाकांतले ब्रेकचे सिलिंडर एक इंची आणि मागचे पाऊण इंची असतात, कारण ब्रेक लावला की वजन पुढे जातं आणि पुढच्यांनी जास्त धरायला हवं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि मागे मोठा सिलिंडर बसवता येतो. बसवला की मागची चाकं आधी अडकतात आणि ओल्या रस्त्यावर गाडीचं शेपूट पुढे येतं. सिलिंडर मागायला आलेल्याकडून मी आधी जुने चारही मागवून घेते आणि त्यांच्या पोटाला कॅलिपर लावते. इथे माझ्याशी कोणी कितीही घासाघीस केली तरी मी एकटा सिलिंडर देत नाही.

आता एक गोष्ट मान्य करायला हवी. 'ओरिजिनल आहे का' या प्रश्नाला हल्ली सरकारदरबारीसुद्धा वजन आलंय. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी आली, आणि त्यात गाडीच्या चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. शिवाय २०१९ साली सुप्रीम कोर्टाने कंपनीने ठरवून दिलेल्या बनावटीपेक्षा वेगळे बदल करण्यावर बोट ठेवलं. त्यामुळे चेसिस नंबरवर पेन्सिल घासून कागदावर छाप घेणं आणि तो आरसी बुकाशी जुळवणं, हे घेणाऱ्याने सगळ्यात आधी करावं, पाट्यांखाली शिरायच्या आधी. नंबराच्या आजूबाजूचा पत्रा घासलेला, अंक वाकडेतिकडे, एखादा खोल आणि एखादा उथळ, असं दिसलं तर मी पुढे बघतही नाही. इंजिन बदललं असेल आणि बुकावर चढवलं असेल तर हरकत नाही. चढवलं नसेल तर ती तुमची डोकेदुखी, मेकॅनिकची नाही.

पण ज्यांना प्रदर्शनात मांडायची आहे ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांना दिवस उगवला की मळ्यात जायचं असतं. मामांचा प्रश्न तसाच होता. दोन रस्ते होते. पुढच्यात ४३-८ ची जोडी टाकायची, किंवा मागच्यात ३९-८ ची. ३९ ने गाडी रस्त्यावर थोडी मोकळी पळते, ४३ ने ओढीला जोर जास्त मिळतो.

"काय ओढता?"

"उसाची ट्रॉली, कधी पाण्याची टाकी. हायवेला कोण जातंय?"

मग ४३. माझ्याकडे नंबर जुळलेली एक वापरलेली जोडी होती, दात बघितलेले, एकाही दाताची कड उडालेली नव्हती. मेकॅनिकने पुढचं डिफरन्शियल खोललं, मोकळीक मोजून शिमा घातल्या, दातांना रंग लावून ठसा कुठे उमटतो ते बघून पुन्हा एक शिम काढली. हे काम घाईने करून चालत नाही आणि त्याने केलं नाही. गाडी परत आली तेव्हा पुन्हा सोळा फेरे. लेथवरचा पोरगा न बोलावता आला होता. त्रेचाळीस, मागे आणि पुढेही. मामांनी डांबरावरच दांडा टाकून राउंड मारला, सुटतो का ते बघितलं. कोरड्या डांबरावर जोड जमलेली जीपही फोर बाय फोरने चालवू नये, हे त्यांना सांगून ठेवलं. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा पल्ला पडतो, तेव्हा थोडा पीळ येतोच. त्यांनी मान डोलावली आणि आणखी एक राउंड मारला.

निघालेली ३९-८ ची जोडी मी वजनाच्या नव्हे, मालाच्या भावाने घेतली. तिला गिऱ्हाईक लगेच मिळालं. आजऱ्याचे एक जण आले, पिशवीतून मोडक्या दातांचा पिनियन काढला. पुसून बघितलं, आठ दात. त्यांनी फळीवरच्या माझ्या जोडीकडे बोट दाखवलं.

"त्यातला नुसता पिनियन द्या. क्राउन माझा चांगला आहे."

"नुसता नाही मिळणार. जोडी घ्या."

"अहो, आठ दात ह्याला, आठ दात त्याला. सेम टू सेम आहे."

"तुमचा क्राउन घेऊन या," मी म्हटलं, "मग बोलू."

ते कुरकुरत गाडीकडे गेले आणि डिकीतून क्राउन घेऊन आले. कडेवरचा नंबर काळा पडला होता, पेट्रोलच्या चिंधीने पुसला. दात मोजले, त्रेचाळीस निघाले.